एकट्यानं परदेश फिरताना: अनोळखी माणसं भेटावीत म्हणून काय करायचं आणि भेटल्यावर काय

एकट्यानं प्रवासाला निघालं की माणसं आपोआप भेटतात, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात कित्येक जण आठवडाभर परदेशात राहून येतात आणि तेवढ्या काळात त्यांचं बोलणं होतं ते फक्त हॉटेलच्या रिसेप्शनवर आणि तिकीट तपासनिसाशी. नकाशा फोनवर, तिकीट फोनवर, जेवणाची ऑर्डरही फोनवर. कुणाला काही विचारायची वेळच येत नाही. उलट ज्यांना वाटेत भरभरून माणसं भेटतात, ते सगळे बोलघेवडे असतात असंही नाही. मी स्वतः पटकन कुणाशी बोलायला जाणारी नाही. तरीही माझ्या प्रवासातलं जे मला आजही जसंच्या तसं आठवतं, ते बहुतेक ओळख ना पाळख अशा माणसांमुळेच घडलेलं आहे. आपण कुठे थांबतो, किती वेळ थांबतो आणि बोलणं कोण सुरू करतं, या तीन गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

वेळापत्रक सैल करा, पण सगळं नाही

पोचल्यानंतरच्या पहिल्या दोन रात्रींची सोय पक्की हवी, आणि जमेल तिथे नव्या गावात उजेडी पोचा. अनेक देशांत इमिग्रेशनला परतीचं तिकीट आणि राहण्याचा पुरावा मागतात, तेव्हा ती कागदपत्रं तयार ठेवा. त्यापुढचं बुकिंग मात्र रद्द करता येईल असंच घ्या.

एका गावात निदान तीन रात्री काढा. पहिला दिवस रस्ते कळण्यात जातो. दुसऱ्या दिवशी त्याच कॅफेत, त्याच वेळेला, त्याच टेबलावर जाऊन बसा. तिसऱ्या दिवशी तिथला माणूस मान हलवून ओळख देतो, आणि बोलणं सुरू होतं ते तिथून. रोज नवं ठिकाण गाठणाऱ्याच्या वाट्याला हा तिसरा दिवस येतच नाही. दर दोन दिवसांमागे एक दुपार पूर्ण रिकामी ठेवा, आणि ती मुक्कामाच्या शेवटी ठेवू नका. कुणी “उद्या आमच्याबरोबर चल” म्हणालं, तर हाताशी उद्या असायला हवा.

मुक्काम वाढवताना व्हिसाचे दिवस मोजायला विसरू नका. शेंगेन देशांत (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत) अल्पमुदतीच्या व्हिसावर कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, आणि ही मोजणी सगळ्या शेंगेन देशांची मिळून होते.

जिथे तीच माणसं पुन्हा दिसतात, तिथे जा

अनोळखी माणसाशी एकदाच गाठ पडली तर दोघंही जपून असतात. तोच चेहरा दुसऱ्यांदा दिसला की हसू येतं, तिसऱ्यांदा दिसला की गप्पा होतात. म्हणून प्रवासाचा मार्ग आणि साधन निवडताना मी एवढंच पाहते, की इथे माणसं पुन्हा भेटतील का.

याचं सगळ्यात सोपं ठिकाण म्हणजे लांब पायवाटा. स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंतच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी आल्बेर्गे नावाची निवासस्थानं आहेत. यात्रेकरूचं शिक्के मारायचं पुस्तक दाखवलं की तिथे पलंग मिळतो, आणि सार्वजनिक आल्बेर्गेमध्ये सहसा एकाच रात्रीसाठी. सकाळी सगळे निघतात, चालण्याचा वेग साधारण सारखाच असतो, त्यामुळे काल शेजारच्या पलंगावर झोपलेला माणूस आज दुपारी पाण्याच्या नळावर पुन्हा भेटतो. शेवटचं प्रमाणपत्र हवं असेल तर किमान 100 किलोमीटर चालावं लागतं. साधारण तेवढ्या अंतरावरच्या सारिया गावाहून निघणाऱ्यांची एवढी गर्दी असते ती त्यामुळेच. माझ्या मते एकट्यानं पहिल्यांदाच परदेशी निघणाऱ्यासाठी यासारखी वाट नाही. हवं तेव्हा एकटं चालता येतं, आणि संध्याकाळी टेबलाला माणसं असतात.

लांब पल्ल्याच्या गाड्या आणि बोटींचंही तसंच आहे. मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा रेल्वेमार्ग 9,289 किलोमीटरचा आहे. त्यावरच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात 54 बर्थ असतात आणि मध्ये दारं नसतात. गरम पाण्याच्या बंबाकडे जाता-येता निम्म्या डब्याशी नजरानजर होते. नॉर्वेच्या किनाऱ्यावरची बोटसेवा 1893 पासून चालू आहे आणि बेर्गेन ते किर्केनेस 34 बंदरं घेते. पूर्ण सफर करणारे पर्यटक तीत असतातच, पण दोन बंदरांपुरते चढणारे स्थानिक लोकही असतात. तुम्हीही तसंच थोड्या अंतराचं तिकीट काढा आणि केबिनऐवजी डेकवर बसा.

युरोपात गाडीतली रिकामी जागा वाटून घेण्यासाठी ब्लाब्लाकार हे ॲप वापरतात. आपण किती बोलके आहोत हे चालक तिथे आधीच सांगून ठेवतो: अबोल, बेताचे बोलके किंवा गप्पिष्ट. मधल्या गटातला चालक निवडावा. जुने अभिप्राय नीट वाचा, आणि गाडीत बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून कुणाला तरी पाठवा.

हॉस्टेल निवडताना पलंगांआधी स्वयंपाकघराचा फोटो पाहा. मोठं टेबल आणि वापरातली भांडी दिसली तर तिथे माणसं बसतात. पडदे लावलेल्या कॅप्सूलच्या रांगा असतील तर झोप चांगली लागेल, ओळख होणार नाही.

हाताला काम असेल अशा जागा

समोरासमोर बसून काय बोलायचं हा प्रश्न पडतो. दोघांचे हात एकाच कामात असले की तो प्रश्न उरत नाही. म्हणून लॉन्ड्रोमॅट, म्हणजे पैसे टाकून आपले कपडे आपणच यंत्रात धुवायचं दुकान, ही माझी आवडती जागा आहे. कपडे फिरत असतात, कुणाला कुठे जायचं नसतं आणि सगळे आसपासच राहणारे असतात.

लिस्बनच्या एका जुन्या वस्तीतल्या लॉन्ड्रोमॅटमध्ये एका आजींनी एक अक्षरही न बोलता मोठ्या चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात, त्यातली एक मी. त्यांनी भुवईनं खूण केली, मी दोन पावलं पुढे गेले, टोकाला टोक लावलं. त्यांनी माझी घडी उलगडून पुन्हा घालायला लावली. मग आणखी तीन चादरी. जूनची सुरुवात होती. 12 जूनच्या रात्री तिथल्या जुन्या गल्ल्यांमध्ये संत अंतोनियोचा सण असतो आणि त्याआधी एका घरापासून समोरच्या घरापर्यंत कागदी पताका बांधतात. आजींनी बाहेर बोट दाखवलं. त्यांचा नातू शिडीवर उभा होता आणि शिडी धरायला कुणी नव्हतं. ती संध्याकाळ मी शिडी धरण्यात घालवली, आणि त्या गल्लीतून पुढे जाताना मला कुणी पर्यटक म्हणून पाहिलं नाही.

अशा जागा मुद्दाम शोधता येतात. धावत असाल तर पार्करन पाहा. 2004 मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये ते सुरू झालं आणि आता अनेक देशांत चालतं. शनिवारी सकाळी 5 किलोमीटर, मोफत, चालत गेलं तरी चालतं. एकदा ऑनलाइन नोंदणी करून मिळालेला बारकोड जगभर वापरता येतो. धावणं झाल्यावर बरेच जण एकत्र कॉफीला जातात, तिथे जरूर जा. बुद्धिबळ येत असेल तर भाषेवाचून काही अडत नाही. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये पट मांडलेले असतात (तिथे बरेचदा पैसे लावून खेळतात, आधी विचारा). बुडापेस्टच्या सेचेनी स्नानगृहात लोक गरम पाण्यात उभे राहून खेळतात. सारायेवोच्या चौकात गुडघ्याएवढ्या सोंगट्या आहेत आणि चाल सुचवणाऱ्यांचा घोळका भोवती उभा असतो. त्या घोळक्यात नुसतं उभं राहिलं तरी कुणीतरी तुमचं मत विचारतं.

आधी ठरवून भेटायचं असेल तर ग्रीटर्स ही उत्तम सोय आहे. 1992 मध्ये लिन ब्रुक्स यांनी न्यूयॉर्कमध्ये ती सुरू केली आणि आता अनेक शहरांत तशा संस्था आहेत. गावात राहणारा माणूस दोन-तीन तास आपली वस्ती फिरवून दाखवतो आणि त्याचा मोबदला घेत नाही. काही आठवडे आधी नोंदणी करावी लागते. 1949 पासून चालू असलेली सर्वास ही संस्था घरी राहण्याची सोय करते, पण आधी मुलाखत घेऊन ओळखपत्र देते. ती मुलाखत जाचक वाटू शकते. मला मात्र तिच्यामुळेच भरवसा वाटतो. राहण्याजेवण्याच्या बदल्यात काम करायचा विचार असेल तर व्हिसाचे नियम आधी वाचा. पगार नसला तरी असं काम अनेक देशांत पर्यटक व्हिसावर चालत नाही.

पहिलं वाक्य

इयरफोन काढा. याहून मोठी युक्ती मला माहीत नाही.

मग छोटीशी, नेमकी मदत मागा, जिचं उत्तर एका शब्दात किंवा हातवाऱ्यात देता येईल. “इथे बघण्यासारखं काय आहे?” असं विचारलं की माहितीपत्रकातलीच नावं पुन्हा ऐकायला मिळतात. “तुम्ही रविवारी कुठे जाता?” असं विचारलं की माणूस क्षणभर थांबतो आणि मग खरं उत्तर देतो. विचारायचं कुणाला, तर जो त्या जागेचा आहे त्याला: ग्रंथपाल, फुलवाला, बाकावर रोज बसणारे आजोबा, कुत्र्याला फिरवणारी बाई.

नमस्कार, आभार, माफ करा, छान आहे, पोट भरलं आणि दहापर्यंतचे आकडे, एवढं त्या भाषेत पाठ करा. भाषांतराच्या ॲपचा ऑफलाइन पॅक आधी उतरवून ठेवा, पण ते बोलण्याच्या सुरुवातीला काढू नका. दोघं अडलात की काढा. घरच्यांचे दोन-तीन छापलेले फोटो जवळ असू द्या. फोनवरचा फोटो बघून परत दिला जातो, छापलेला हातोहात फिरतो. चित्र येत असेल-नसेल, वहीत काहीतरी रेखाटत बसा. लहान मुलं नक्की येतात आणि त्यांच्यामागून मोठी माणसं.

कुणी कुणाला निवडलं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. अनोळखी माणसांवर विश्वास ठेवावा की ठेवू नये, अशा मोघम प्रश्नाचा प्रवासात उपयोग होत नाही. त्याऐवजी मी तीन गोष्टी विचारते: बोलणं कुणी सुरू केलं, कुठे सुरू झालं, आणि पुढची जागा कोण ठरवतंय?

जगातल्या गाजलेल्या फसवणुका या प्रश्नांवर तपासून पाहा. बीजिंग-शांघायच्या पर्यटनस्थळी दोन हसतमुख तरुण “इंग्रजीचा सराव करायचाय” म्हणत येतात, जवळच्या चहागृहात नेतात आणि शेवटी अवाच्या सवा बिल येतं. बँकॉकच्या राजवाड्याबाहेर एक सभ्य गृहस्थ “आज राजवाडा बंद आहे” असं सांगून टुकटुक ठरवून देतात; ती रत्नांच्या दुकानापाशी थांबते. इस्तंबूलमध्ये बूटपॉलिशवाल्याचा ब्रश तुमच्यासमोर पडतो, तुम्ही उचलून देता, तो कृतज्ञतेनं बूट चमकवतो आणि मग पैसे मागतो. नाहीतर रस्त्यात ओळख काढणारा कुणी मद्यालयात नेतो आणि तिथेही बिल असंच फुगतं. पॅरिसमध्ये कुणाला तरी तुमच्या पायाशी सोन्याची अंगठी “सापडते”. प्रत्येक वेळी गर्दीचं प्रसिद्ध ठिकाण, निवड त्यांनी केलेली, आणि पुढचा बेतही त्यांचाच.

त्यामुळे उपाय सोपा आहे: पुढची जागा तुम्ही ठरवा. “चहा घेऊ या ना, पण मला त्या समोरच्या कॅफेत बसायचंय.” ज्याला खरोखर गप्पा मारायच्या आहेत तो आनंदानं येतो. ज्याला तुम्हाला ठरावीक दुकानातच न्यायचं आहे, तो गळ घालायला लागतो, घाई करतो, रुसतो. तिथेच समजून जायचं. एखादी जागा बंद आहे असं कुणी सांगितलं तर दारापर्यंत जाऊन स्वतः पाहा. पोलीस असल्याचं सांगून कुणी रस्त्यातच पाकीट बघायला मागितलं, तर “ठाण्यावर जाऊन दाखवतो” म्हणा.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आडगावच्या बसथांब्यावर एखादी बाई आपणहून येऊन “आज बस नाही, संप आहे” म्हणाली, तर बहुतेक वेळा संपच असतो. तिथे पर्यटकांवर पोट असणारं कुणी नसतं. शहरातल्या चौकात शिकलेला संशय अशा गावात तसाच नेला, तर चांगल्या माणसांना आपण विनाकारण दुखावतो.

दोन बाबतींत मात्र कुणाचीही भीड बाळगायची नाही. दुसऱ्याचं सामान सीमेपलीकडे न्यायचं नाही. औषधाची पुडी असो, खेळणं असो, सांगणारा कितीही गोड असो. आणि बाटली आपल्यासमोर उघडलेली नसेल, तर दारू प्यायची नाही. लाओसमधल्या वांग वियेंग इथे नोव्हेंबर 2024 मध्ये मिथेनॉलच्या विषबाधेच्या संशयित घटनेत 6 परदेशी पर्यटक दगावले. मिथेनॉल हा विषारी अल्कोहोल चवीवरून ओळखू येत नाही. फुकट वाटली जाणारी दारू सरळ नाकारा.

घरी बोलावलं तर

पहिल्याच आमंत्रणाला लगेच हो म्हणू नका. इराणसारख्या देशात आग्रह हा शिष्टाचाराचा भाग आहे. दोन-तीनदा नम्रपणे नाही म्हटल्यावरही आमंत्रण कायम राहिलं, तर ते मनापासूनचं. शक्यतो दिवसा जा. घरात आणखी कोण आहे ते विचारा; बाईच्या आमंत्रणावर किंवा कुटुंबात जाणं मला जास्त सोयीचं वाटतं. घराचं लोकेशन कुणाला तरी पाठवा, आणि ते यजमानांच्या देखतच पाठवा: “मैत्रिणीला कळवते, ती काळजी करते.” चांगल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही.

रात्री राहायचा आग्रह झाला तर त्या देशाचा नियम माहीत हवा. चीनमध्ये परदेशी माणूस खासगी घरात राहिला तर 24 तासांत स्थानिक पोलिसांकडे नोंद करावी लागते. ती झाली नाही तर यजमानही अडचणीत येऊ शकतात.

भेट घेणंही शिकावं लागतं. जपानच्या शिकोकू बेटावर 88 मंदिरांची परिक्रमा आहे, साधारण 1,200 किलोमीटरची. वाटेतले लोक यात्रेकरूंच्या हातात संत्री, नाणी, हातरुमाल ठेवतात. ती भेट नाकारायची नाही, अशी तिथली रीत आहे. बदल्यात यात्रेकरू आपलं नाव-गाव लिहिलेली कागदाची चिठ्ठी देतो. पैशानं परतफेड करायचा प्रयत्न केला, तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंदच जातो. ती चिठ्ठीची कल्पना मला फार आवडते. कुठेही जा, वजनाला हलकं असं काहीतरी जवळ ठेवा: स्वतः काढलेलं कार्ड, आपल्या लिपीत त्यांचं नाव लिहिलेला कागद. आणि जेवणानंतर भांडी घासायला उठा.

छोटी धाडसं

शहरबसनं शेवटच्या थांब्यापर्यंत जा. नदीच्या कडेनं पुढच्या गावापर्यंत चाला. स्थानिक संघाचा सामना पाहा. यासाठी फारसं काही लागत नाही, पण निघण्याआधी एवढं करा: परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढा आणि त्यात रविवारच्या वेळा वेगळ्या आहेत का ते पाहा. शेवटची बस गृहीत धरू नका, तिच्या आधीची धरा. नकाशा ऑफलाइन उतरवा. मुक्कामाचा पत्ता तिथल्या लिपीत कागदावर लिहून घ्या, कारण टॅक्सीवाल्याला फोनवरची रोमन अक्षरं वाचता येतीलच असं नाही. टॅक्सीपुरती रोकड वेगळ्या खिशात ठेवा. आणि एखाद्याला सांगून ठेवा: आठ वाजेपर्यंत निरोप आला नाही तर फोन कर.

नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी 9 नियमांची एक यादी आहे. बेत आखा आणि वाट कुणाला तरी सांगून ठेवा, असं त्यात आहे. आणि वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही, असंही आहे. एकट्या माणसानं निघतानाच घड्याळातली एक वेळ ठरवावी. ती झाली की शिखर समोर दिसत असलं तरी वळायचं. त्याच देशात बिनलागवडीच्या जमिनीवर, वस्तीपासून किमान 150 मीटर लांब, तंबू ठोकायला परवानगी आहे. पहिल्यांदा तंबूत एकटं राहायचं असेल तर उन्हाळ्यातली तिथली उजेडी रात्र निवडा.

समुद्रात जीवरक्षक नसेल तिथे एकट्यानं उतरू नका. किनाऱ्यावरून आत समुद्रात ओढणाऱ्या परतीच्या प्रवाहात सापडलात, तर किनाऱ्याकडे झगडण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडा. भाड्यानं स्कूटर घेण्याआधी आपला परवाना तिथे वैध आहे का ते पाहा. तो नसेल तर अपघातात प्रवासविमा बहुधा पैसे देत नाही. युरोपीय संघाच्या सगळ्या देशांत 112 हा आपत्कालीन क्रमांक चालतो. इतरत्र क्रमांक वेगळा असू शकतो, तो आधीच फोनमध्ये घालून ठेवा.

काढता पाय कसा घ्यायचा

मनात पाल चुकचुकली की कारण शोधत बसू नका. उठा आणि निघा. भिडेखातर बसून राहणं एकट्या माणसाला परवडत नाही, आणि बाईला तर मुळीच नाही. निघायचं वाक्य आधीच तयार ठेवा: “मला फोन करायचाय”, “माझी मैत्रीण वाट बघतेय.” स्पष्टीकरण देत बसलं की समोरच्याला वाद घालायला जागा मिळते. कुठे उतरलात असं कुणी विचारलं तर भागाचं नाव सांगा, हॉटेलचं नाही. “एकटीच आलीस का?” याचं उत्तर खरं द्यायला तुम्ही बांधील नाही. पेला सोडून उठावं लागलं तर परत आल्यावर त्यातलं पिऊ नका, नवीन मागवा. कुणी पाठलाग करतंय असं वाटलं तर मुक्कामावर जाऊ नका. उजेडातल्या दुकानात शिरा आणि काउंटरवरच्या माणसाला सरळ सांगा.

नंतर

भेटलेल्या माणसाचं नाव आणि पत्ता त्यांच्याच हातानं वहीत लिहून घ्या; तुम्ही ऐकून लिहिलेलं स्पेलिंग चुकायची शक्यता जास्त. त्या रात्रीच भेटीबद्दल चार ओळी लिहा: काय बोललो, मुलांची नावं काय, ते कशाच्या काळजीत होते. फोटो जगासमोर टाकण्याआधी त्यांना विचारा. काही देशांत परदेशी पाहुण्याबरोबरचा फोटो त्यांना अडचणीचा ठरू शकतो, आणि मुलांच्या बाबतीत तर आईवडिलांची परवानगी हवीच.

पुन्हा येईन असं वचन जपून द्या, कारण काही घरांत त्याची खरोखर वाट पाहिली जाते. फोटो पाठवते असं म्हणाला असाल, तर परतल्याच्या पहिल्या आठवड्यातच पाठवा, आणि वयस्कर माणसांना शक्यतो छापून, टपालानं.